व्हिडिओ पाहून सर्किट जुळते, पण स्वतः आखता येत नाही : इलेक्ट्रॉनिक्सच्या संकल्पना पक्क्या कशा कराव्यात?

पाणमोजणी, ऐरोली

नमस्कार. मी रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहते. बारावीपर्यंत विज्ञान होते, पुढे वाणिज्य शाखा घेतली, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सचे रीतसर शिक्षण झालेले नाही. काही महिन्यांपूर्वी आर्डुइनोचा (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाचा) संच मागवला आणि तेव्हापासून रात्रीची जेवणे आटोपली की व्हिडिओ पाहून एकेक प्रयोग करत असते. एलईडी लुकलुकवणे, तापमान दाखवणे, बझर वाजवणे हे सगळे जमले. आता आमच्या सोसायटीच्या गच्चीवरील टाकी भरली की खाली सूचना मिळावी आणि पुढेमागे पंप आपोआप बंद व्हावा, असे काहीतरी करण्याचा विचार आहे.

माझी अडचण अशी आहे. एका व्हिडिओत आर्डुइनोच्या पिनवरून १ किलोओहमचा रेझिस्टर, मग बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, मग ५ व्होल्टचा रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) आणि रिलेच्या कॉइलवर उलटा बसवलेला १एन४००७ डायोड अशी जुळणी दाखवली होती. ती मी जशीच्या तशी केली आणि ती चाललीही. परंतु माझ्याकडे १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि १२ व्होल्टचा रिले पडून होता, म्हणून तो वापरायचे ठरवले, आणि तिथे मी पूर्ण अडले. रेझिस्टर बदलावा लागेल का? व्होल्टेज वाढले म्हणजे करंटही वाढेल का? तोच ट्रान्झिस्टर पुरेल का? व्हिडिओतील गृहस्थांनी १ किलोओहमच का घेतला, हे त्यांनी सांगितले नव्हते, आणि पाहताना मलाही तो प्रश्न पडला नव्हता.

म्हणून जाणकारांना विचारते की, हे छोटे प्रकल्प थांबवून आधी पुस्तकातला सिद्धान्त शिकावा, की प्रकल्प करता करताच संकल्पना समजत जातात? पाहावेत तर कोणत्या प्रकारचे व्हिडिओ पाहावेत? आणि घरी शिकणाऱ्याला ऑसिलोस्कोप (बदलत्या व्होल्टेजचा आलेख दाखवणारे उपकरण) लागतोच का?

जुना मीटर, नौपाडा, ठाणे

ताई, मी वागळे इस्टेटमध्ये मोजमापाच्या उपकरणांची दुरुस्ती करण्यात नोकरी घालवली आणि आता निवृत्त आहे. प्रकल्प थांबवू नका. तुमच्या हातात जे सर्किट आहे, त्यातच पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाचा बराचसा भाग दडलेला आहे. तो बाहेर काढण्यासाठी वीज जोडण्याआधी कागदावर आकडे लिहायचे, जोडल्यावर मीटरने मोजायचे आणि दोन्ही जुळले नाहीत तर का जुळले नाहीत हे समजेपर्यंत पुढच्या प्रकल्पाला हात लावायचा नाही.

तुमचा रिलेच घेऊ. बाजारात मिळणाऱ्या निळ्या, चौकोनी, छोट्या रिलेच्या कॉइलला साधारण ०.३६ वॅट शक्ती लागते. ५ व्होल्टच्या कॉइलचा रोध सुमारे ७० ओहम असतो, म्हणजे करंट सुमारे ७१ मिलिअँपिअर. १२ व्होल्टच्या त्याच जातीच्या रिलेची कॉइल सुमारे ४०० ओहमची असते, म्हणजे करंट अवघा ३० मिलिअँपिअर. व्होल्टेज वाढले आणि करंट मात्र निम्म्याहून कमी झाला, कारण कॉइल बदलली. शक्ती तेवढीच लागते. तुमचा दुसरा प्रश्न इथे सुटतो, आणि त्याला ओहमच्या नियमापलीकडे काही लागत नाही. तुमच्याकडचा रिले कोणत्या जातीचा आहे ते पाहून, त्याच्या कॉइलचा रोध आधी मीटरवर मोजून घ्या.

आता १ किलोओहम. ट्रान्झिस्टरला बेस, कलेक्टर आणि एमिटर असे तीन पाय असतात; बेसमधला छोटा करंट कलेक्टरमधला मोठा करंट चालू-बंद करतो. पिनवर ५ व्होल्ट, ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट, म्हणजे रेझिस्टरवर ४.३ व्होल्ट आणि बेसमध्ये ४.३ मिलिअँपिअर. ५ व्होल्टच्या रिलेसाठी कलेक्टरमध्ये ७१ हवेत, म्हणजे कलेक्टर आणि बेसच्या करंटचे गुणोत्तर सुमारे १७. बीसी ५४७ च्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, ट्रान्झिस्टर पूर्ण चालू असतानाचे, म्हणजे सॅच्युरेशनचे, व्होल्टेज १०० मिलिअँपिअर कलेक्टर आणि ५ मिलिअँपिअर बेस धरून दिलेले असते, म्हणजे गुणोत्तर २०. आपण त्याच्या आत आहोत, म्हणून १ किलोओहम योग्य. १२ व्होल्टच्या रिलेला गुणोत्तर ७ वर येते, म्हणजे रेझिस्टर बदलण्याची गरजच नाही. पिनवरही ताण नाही, कारण आर्डुइनो उनोच्या पिनमधून २० मिलिअँपिअरच्या आत राहावे असा संकेत आहे आणि आपण पाचाच्याही आत आहोत.

इथे न थांबता, ५ व्होल्टचाच रिले ठेवून मुद्दाम १ किलोओहमच्या जागी १० किलोओहम लावा. बेसमध्ये आता ०.४३ मिलिअँपिअर जाईल आणि रिले ओढण्यासाठी ट्रान्झिस्टरला बेसच्या करंटची १६५ पट वाढ द्यावी लागेल. बीसी ५४७ च्या ए, बी आणि सी अशा जाती असतात आणि त्यांची वाढ ढोबळमानाने ११० पासून ८०० पर्यंत कुठेही असू शकते, त्यामुळे एका ट्रान्झिस्टरवर रिले ओढला जाईल आणि दुसऱ्यावर नुसता कुरकुरेल. कलेक्टर आणि एमिटरमध्ये मीटर लावून दोन्ही वेळचे व्होल्टेज लिहून ठेवा. ट्रान्झिस्टर नीट चालू असेल तर तिथे व्होल्टचा काही दशांश भागच दिसतो. एक-दोन व्होल्ट दिसले तर तो अर्धवट उघडा आहे आणि फुकट तापतो आहे. स्विच म्हणून वापरताना ट्रान्झिस्टरच्या वाढीवर विसंबू नये, हे वाक्य तुम्ही व्हिडिओत ऐकलेही असेल, पण ते असे मोजून पाहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

डायोडबद्दल व्हिडिओवाले "संरक्षणासाठी" एवढेच म्हणून पुढे जातात. कॉइलमधला करंट एका क्षणात थांबू शकत नाही. ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइल स्वतःच व्होल्टेज वाढवत नेते, आणि बीसी ५४७ ची सहनशक्ती ४५ व्होल्टची आहे. डायोडमुळे त्या करंटला कॉइलमध्येच फिरून विरण्याची वाट मिळते. १२ व्होल्टच्या अडॅप्टरची ऋण बाजू आणि आर्डुइनोचे ग्राउंड एकमेकांना जोडायला मात्र विसरू नका, नाहीतर बेसच्या करंटला परतीचा मार्गच राहणार नाही.

फळा-खडू, नेरूळ

जुना मीटर यांची पद्धत मला मान्य आहे, परंतु ती पुरेशी आहे असे मला वाटत नाही. मी तंत्रनिकेतनात शिकवतो. प्रत्येक प्रकल्पातले आकडे प्रकल्पापुरते शिकलेला विद्यार्थी दहा सर्किटे अचूक सोडवतो आणि अकराव्या सर्किटात तीच गोष्ट वेगळ्या वेशात आली की ओळखू शकत नाही. म्हणून सिद्धान्ताचा एक छोटा कणा हवाच, आणि तो इतकाच : ओहम, किर्कहॉफचे दोन नियम (बिंदूत येणारा आणि जाणारा करंट सारखा, आणि बंद वाटेवरच्या व्होल्टेजची बेरीज शून्य), थेवेनिनचा सिद्धान्त आणि रोध-कपॅसिटरचा कालांक (कपॅसिटर किती वेळात भरतो याचे माप). यात नवे काही नाही; किर्कहॉफचे नियम १८४५ चे आणि थेवेनिनचा लेख १८८३ चा. पण ट्रान्झिस्टरच्या आधी हे चार आलेच पाहिजेत.

थेवेनिनचे नाव ऐकून घाबरू नका. १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडून ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावा आणि मधल्या बिंदूचे व्होल्टेज मोजा. गणिताने ४.५ यायला हवे. तुमच्याकडे तो स्वस्त पिवळा मीटर असेल, तर त्यावर ३ व्होल्टच्या आसपास दिसेल. रेझिस्टर ठीक आहेत आणि मीटरही ठीक आहे. त्या मीटरचा स्वतःचा रोध १ मेगाओहम आहे आणि तो खालच्या रेझिस्टरला समांतर जोडला गेल्यामुळे खालची बाजू अर्ध्या मेगाओहमची झाली आहे. १० मेगाओहमचा चांगला मीटर लावला तर ४.३ च्या जवळपास दिसेल. थेवेनिन म्हणतो की, त्या मधल्या बिंदूकडे ४.५ व्होल्टची बॅटरी आणि तिच्याशी जोडलेला अर्ध्या मेगाओहमचा रेझिस्टर असे पाहा. मग कोणताही मीटर, कोणताही सेन्सर लावला तरी उत्तर एका ओळीत मिळते. तुमच्या टाकीतल्या पाण्याचा रोधही काही किलोओहमपासून बराच वर जाऊ शकतो, तेव्हा हा प्रश्न तुम्हाला लवकरच भेटणार आहे.

व्हिडिओंबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. २०१२ साली एमआयटीएक्सचा (अमेरिकेतील एमआयटीच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा) पहिला खुला ऑनलाइन अभ्यासक्रम सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचाच होता आणि तो अनंत अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली झाला. त्यासाठी सुमारे १ लाख ५५ हजार लोकांनी नाव नोंदवले आणि उत्तीर्ण झाले ते ७ हजारांच्या थोडे वर. व्याख्याने सर्वांना तीच उपलब्ध होती. गृहपाठ आणि परीक्षा मात्र ज्याच्या त्याला सोडवायच्या होत्या. सोडवलेले गणित वाचताना सगळे कळते आणि कोऱ्या पानावर पेन पुढे सरकत नाही, हा अनुभव आपण सर्वांनी शाळेत घेतलेला आहे.

तरीही निवड करायचीच, तर ज्यात माणूस वायर जोडून टाळी वाजवतो असे व्हिडिओ कमी करा आणि ज्यात तो मोजतो, अडतो, डेटाशीट उघडतो असे वाढवा. डेव्ह जोन्स हे ऑस्ट्रेलियन अभियंते २००९ पासून ईईव्हीब्लॉग चालवतात. ते बडबड फार करतात, पण उपकरण उघडून त्यातला प्रत्येक निर्णय का घेतला असावा याचा विचार बोलून दाखवतात, तो ऐकण्यासारखा असतो. बेन ईटर यांनी ब्रेडबोर्डवर (सोल्डरिंगशिवाय भाग खोचता येणाऱ्या पाटीवर) उभारलेला आठ बिटांचा संगणक पाहिलात तर डिजिटल बाजू पायरीपायरीने उलगडते. सलग अभ्यास हवा असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची व्याख्याने आहेत. सर्किट संगणकावर तपासण्यासाठी पवईच्या आयआयटी मुंबईतून आलेले ई-सिम हे मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले छोटे पाठ स्वतः शिकणाऱ्यांसाठीच बेतलेले आहेत.

कळवा लोकल

सरांचा आदर ठेवून असहमती नोंदवतो. चार सिद्धान्त आधी आलेच पाहिजेत अशी अट घातली असती, तर माझ्यासारखे कित्येक जण पहिल्याच आठवड्यात हा नाद सोडून मोकळे झाले असते. कालांक म्हणजे काय हे मला ५५५ टायमर या चिपने शिकवले, आणि त्यासाठी ऑसिलोस्कोप नव्हे तर भिंतीवरचे घड्याळ पुरले.

हान्स कामेन्झिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्ससाठी आखलेली ही चिप आजही काही रुपयांत मिळते. ताई, १० किलोओहम, ६८ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड घेऊन तिचे एलईडी लुकलुकवणारे नेहमीचे सर्किट जोडा. सूत्र सांगते की आवर्तन जवळजवळ एका सेकंदाचे, म्हणजे मिनिटाला ५९ वेळा लुकलुक. आता मिनिटभर मोजा. ५९ येण्याची शक्यता कमीच आहे, कारण साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेली किंमत २० टक्के इकडेतिकडे असू शकते. म्हणजे ४९ पासून ७४ पर्यंत कोणताही आकडा रास्त आहे. टॉलरन्स हा शब्द मी अनेक व्हिडिओंत ऐकला होता, पण एकाच पाकिटातले दोन कपॅसिटर वेगवेगळा आकडा देतात हे मोजले तेव्हा तो कळला.

यानंतरचा प्रयोग मला सर्वांत आवडतो. ९ व्होल्टऐवजी ५ व्होल्ट द्या आणि वीज जोडण्याआधी कागदावर लिहा की लुकलुक हळू होईल की जलद. बहुतेक जण हळू असे लिहितात. प्रत्यक्षात वेग जवळपास तोच राहतो. चिपच्या आत तीन समान रेझिस्टरांची साखळी आहे, त्यामुळे कपॅसिटर नेहमी पुरवठ्याच्या एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश यांच्यामध्येच भरतो आणि रिकामा होतो. पुरवठा कमी झाला तर भरण्याचा जोर कमी होतो, पण गाठायचे टप्पेही त्याच प्रमाणात खाली येतात. ५५५ इतकी वर्षे का टिकली याचे एक कारण त्यात आहे, आणि त्या तीन रेझिस्टरांकडे पाहिले की सरांच्या कण्यातला बराचसा भाग तिथे दिसतो.

खरेदीसाठी एकदा मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन या. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. ऑनलाइन संचात नग मोजून मिळतात, तिथे रेझिस्टर शेकड्याने मिळतात, आणि जळले तरी चालतील एवढे भाग हाताशी असले की प्रयोग करण्याची भीड चेपते. ब्रेडबोर्ड घेताना दुकानातच मीटरने कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या तपासा. काही बोर्डांत त्या मध्यभागी तुटक असतात.

टाकीवाला, घोडबंदर रोड, ठाणे

मूळ हेतू टाकीचा आहे, म्हणून त्यापुरते लिहितो. पाण्यात दोन तारा सोडून त्यांवर सतत ५ व्होल्ट डीसी ठेवणारे जे सर्किट अनेक व्हिडिओंत दिसते, ते टेबलावरच्या पेल्यात छान चालते आणि गच्चीवर काही आठवड्यांत बिघडते. डीसीमुळे पाण्यात विद्युत-अपघटन होते, धन बाजूची तार झिजते, तांबे असेल तर हिरवे पडते आणि वाचन सरकत जाते. उपाय असा की, तारेला थेट पुरवठा न देता ती आर्डुइनोच्या पिनवर घ्यावी, वाचनापुरती क्षणभर वीज द्यावी आणि लगेच काढावी. टाकी भरायला तासभर लागत असेल तर दर अर्ध्या मिनिटाला एक वाचन भरपूर झाले. किंवा सरळ तरंगता फ्लोट स्विच लावावा; त्यात शिकण्यासारखे कमी, पण टिकण्यासारखे जास्त आहे.

पंपाच्या बाबतीत मात्र शिकण्याचा हट्ट धरू नये. रिलेवर १० अँपिअर छापलेले असते, पण एक अश्वशक्तीचा पंप चालताना पाच-सात अँपिअर घेतो आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या काही पट ओढतो. तेवढ्यात छोट्या रिलेचे संपर्क चिकटतात, पंप बंदच होत नाही आणि टाकी वाहू लागते. तुमच्या रिलेने काँटॅक्टरची (मोठ्या करंटसाठी बनवलेल्या रिलेची) कॉइल ओढावी, पंप काँटॅक्टरने चालवावा आणि २३० व्होल्टची सगळी जोडणी परवानाधारक वायरमनकडून, सोसायटीच्या समितीची संमती घेऊन करून घ्यावी. तुम्ही १२ व्होल्टच्या अलीकडे राहा.

पाणमोजणी, ऐरोली

सर्वांचे मनापासून आभार. काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी आकडे लिहिले आणि मग मोजले. १२ व्होल्टच्या रिलेच्या कॉइलचा रोध ३९८ ओहम आला, अडॅप्टर १२.१ व्होल्ट देतो, त्यामुळे ३० मिलिअँपिअरचा अंदाज बरोबर ठरला. रिले चालू असताना कलेक्टर आणि एमिटरमध्ये ०.०८ व्होल्ट दिसले. १० किलोओहमचा प्रयोग ५ व्होल्टच्या रिलेवर अजून करायचा आहे.

एक गोष्ट मात्र जुळली नाही. मी पिनवर ५ व्होल्ट धरले होते. बोर्डावरच्या ५ व्होल्टच्या पिनवर ४.९३ आले, ते यूएसबीमुळे असावे असे समजून सोडून दिले. पण बेसच्या रेझिस्टरला जोडलेल्या पिनवर, ती चालू असताना, ४.८२ च आले. मधले ०.११ व्होल्ट कुठे गेले? बेसवर ०.७२ आहेत.

फळा-खडू, नेरूळ

हे ०.११ व्होल्ट तुम्ही सोडून दिले नाहीत, याचा मला फार आनंद झाला. रेझिस्टरवर ४.८२ वजा ०.७२, म्हणजे ४.१ व्होल्ट आहेत, म्हणून पिनमधून ४.१ मिलिअँपिअर बाहेर पडत आहेत. ०.११ ला त्याने भागा. सुमारे २७ ओहम येतात. पिनच्या आतही एक ट्रान्झिस्टरच आहे, तो पूर्ण चालू असला तरी त्याला थोडा रोध असतो, आणि तो तुम्ही बाहेरून मोजलात. ४.९३ व्होल्टची बॅटरी आणि तिला जोडलेला २७ ओहमचा रेझिस्टर, अशी ती पिन झाली. कळवा लोकल यांनी राग मानू नये, पण थेवेनिन तुमच्या सर्किटात आधीपासूनच बसलेला होता.

आता पुढचे गणित तुमच्यासाठी. त्याच पिनवर लाल एलईडी आणि १५० ओहमचा रेझिस्टर लावा. एलईडीवर २ व्होल्ट धरून, आतल्या २७ ओहमसह करंट किती येईल आणि पिनवरचे व्होल्टेज किती उतरेल, ते आधी लिहा. माझ्या हिशेबाने करंट १६ ते १७ मिलिअँपिअर आणि पिनवर साडेचारच्या आसपास यायला हवे. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर २० मिलिअँपिअर घेतले तरी किमान ४.२ व्होल्ट मिळतील, अशी हमी आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा ३२८पी चिपच्या डेटाशीटमध्ये दिलेली असते. तुमचा आकडा तिच्याशी ताडून पाहा आणि इथे कळवा.

जुना मीटर, नौपाडा, ठाणे

ऑसिलोस्कोपचा प्रश्न राहिला होता. सध्या घेऊ नका. डोळ्यांना दिसणार नाही किंवा मीटरला पकडता येणार नाही इतक्या वेगाचे काही तुमच्या टेबलावर अजून आलेले नाही. जे आहे ते मीटर आणि घड्याळ यांच्या आवाक्यातले आहे. तेवढे पैसे आता खर्चायचेच असतील, तर १० मेगाओहमचा एक चांगला मीटर घ्या आणि पिवळाही राहू द्या, कारण व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी पाहायचे झाले तर दोन मीटर लागतात. पुढे कधी स्कोप आलाच, तर त्याच्या प्रोबची ग्राउंडची क्लिप स्कोपच्या अर्थिंगला जोडलेली असते एवढे लक्षात ठेवा आणि तो प्रोब २३० व्होल्टच्या जवळ नेऊ नका.